घाबरट आत्या

माझ्या ब्लॉगवर सगळ्यात भाव खाऊन जायची ती घाबरट आत्या. मी नाही. मी आपली विमा, बचत, घरभाडं, व्याज असलं काहीबाही समजावत बसायचे आणि लोक खाली लिहायचे, "ते सगळं ठीक, पण या आठवड्यात आत्या कुठाय?" आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. मी त्यांना ताई म्हणते. त्यांना विचारून मी त्यांना ब्लॉगवर आणलं नव्हतं, आणि तिथून काढलं तेही न विचारताच. आधीच सांगून टाकते, मला लाज वाटते. पुढे कुठे मी विनोद केला तर ती माझी जुनी खोड आहे, लाज कमी झाली असं समजू नका.

लेक होण्याआधी मी एका विमा कंपनीत दाव्यांचे कागद तपासायचे. माणूस कुठे खोटं बोलतोय ते हुडकणं हे माझं काम. त्याचा पगार मिळायचा मला! लेक झाली, पाळणाघराचे दर विचारले आणि लक्षात आलं की माझा पगार या दारातून यायचा आणि त्या दारातून जायचा. मग नोकरी सोडली. सगळे म्हणाले, छान केलंस. मला मात्र आपण घरात कुणीच नाही असं वाटायला लागलं. नवरा कामावरून आला की विचारायचा, "आज काय केलंस?" बिचारा सहज विचारायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

म्हणून ब्लॉग. नाव ठेवलं 'कडेवरचा हिशेब'. वर फोटो होता: इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, मी उभ्या उभ्या टाइप करतेय आणि कडेवर लेक. लोक त्या फोटोवर फिदा होते. बाई एकटी सगळं करते, पोर सांभाळते, लिहिते, वर पैसेही वाचवते! तो फोटो ताईंनी काढला होता. फोटो निघाला, फोन ठेवला आणि ताईंनी पोर माझ्याकडून घेतली, ती संध्याकाळपर्यंत. आठवड्यातले बहुतेक दिवस असंच चालायचं. ताई एका ड्रायक्लिनिंगच्या दुकानात काउंटरवर होत्या. दुपारी सुटल्या की तशाच आमच्याकडे यायच्या, हात स्वच्छ धुवायच्या, पुन्हा एकदा धुवायच्या आणि म्हणायच्या, "आण गं तिला इकडे. तू तुझं लिही."

आता ताई घाबरट होत्या का? होत्या, खोटं कशाला सांगू. गॅस बंद केला तरी तीनदा बघायच्या. लिफ्ट येऊन थांबली तरी जरा वेळ बाहेरच उभ्या राहायच्या, डुगडुगते का ते पाहायला. आणि पोरीच्या बाबतीत तर विचारूच नका. ती पिवळी वाटते. तिचं डोकं मागून चपटं होतंय. ती तिरळी बघते. नखं फार मऊ आहेत. एकदा म्हणाल्या, तिच्या बरगड्या मोजता येतात. मी म्हटलं, "ताई, मोजता येतात म्हणजे आहेत सगळ्या, बरं झालं." त्या हसल्या नाहीत, पण ब्लॉगवर हजारभर लोक हसले. तिथून घाबरट आत्या जन्माला आली.

माझ्या वाचकांना एक गोष्ट फार आवडायची, ती म्हणजे माझं शांत बाळ. आमची लेक मिक्सर चालू असताना झोपायची. कुकरच्या शिट्ट्या होवोत, वरच्या मजल्यावर फरशी फोडोत, ही ढिम्म. आमचं घर रस्त्यावर, खाली बसथांबा. मी लिहिलं, 'शांत बाळ हीच सगळ्यात मोठी बचत. मोठं घर नको, वेगळी खोली नको.' लोकांनी विचारलं, बाळ असं शांत कसं केलं? आणि मी शहाणीने चक्क सल्ले दिले! पहिल्या दिवसापासून बाळाला स्वयंपाकघरात झोपवा. आवाज कमी करू नका, सवय लागू द्या. आपण शांत राहिलो की बाळ शांत राहतं. आयांनी आभार मानले. एकीने लिहिलं, 'माझं बाळ अजून दचकतं, मी कुठे चुकतेय?' मी तिला समजावलं, धीर धर, हळूहळू जमेल. देवा, आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

पोर रांगायला लागली होती त्या सुमाराची गोष्ट. मी इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहून 'भीतीचा बाजार' नावाचा लेख संपवत होते. नव्या आईबापांना घाबरवून कोण कोण कसे पैसे काढतं, आणि आम्ही कशाकशाला नाही म्हटलं. त्यात कानांची तपासणीही होती. आम्हाला दवाखान्यातून सोडताना नर्स म्हणाली होती, मशीन बिघडलंय, पुढच्या आठवड्यात येऊन कान तपासून जा. आम्ही गेलो नाही. 'मिक्सरच्या आवाजात झोपणाऱ्या बाळाचे कान कशाला तपासायचे?' असं मी लिहिलं होतं. हो, असंच्या असं. खोटं पकडण्यात वर्षं घालवलेली बाई मी.

तेवढ्यात मागे धाडकन आवाज झाला. मी केवढ्याने दचकले. वळून बघते तर ताई हातात मोठ्या पातेल्याचं झाकण आणि पळी घेऊन उभ्या. त्यांच्या पुढ्यात लेक पाठ करून बसलेली, कपड्यांचा चिमटा उघडझाप करत. ताईंनी पुन्हा झाकण बडवलं. लेकीने चिमटा तोंडात घातला.

"अगं," ताई म्हणाल्या, "हिला ऐकू येत नाहीये."

"काहीतरीच काय ताई! खेळात आहे ती."

"मी बरेच दिवस बघतेय. हाक मारली तर बघत नाही. समोर गेलं की हसते."

"परवा दार आपटलं तेव्हा वळली होती की."

"वारा लागला असेल."

"आणि तिरळी होती त्याचं काय झालं? पिवळी होती त्याचं?" माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. "ताई, तुम्ही जरा बसा. पाणी प्या. उगाच पोरीच्या मागे झाकणं बडवू नका, खरंच बहिरी व्हायची."

ताई बसल्या. पाणी प्यायल्या नाहीत.

त्या रात्रीपर्यंत माझा लेख तयार होता. नाव, 'घाबरट आत्या आणि पातेल्याचं झाकण'. त्यात मी ताईंची उभं राहण्याची ढब लिहिली, पळी धरायची पद्धत लिहिली, 'वारा लागला असेल' हेही लिहिलं. लोक हसून हसून लोळले म्हणे. बाळाच्या पिशव्या बनवणाऱ्या एका कंपनीने माझ्याशी बोलणी सुरू केली, ती त्याच लेखावरून. माझ्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले. त्या पैशांचा मला केवढा अभिमान!

ताईंच्या दुकानात तो लेख पोचायला किती वेळ लागणार? तिथली पोरं त्यांना 'काय घाबरट आत्या' म्हणायला लागली. हे मला नवऱ्याने सांगितलं. तो म्हणाला, "ताईला वाईट वाटलंय." मी म्हटलं, "नाव घातलंय का मी कुठे?" तो गप्प बसला. आमच्या घरात गप्प बसण्याचं खातं त्याच्याकडे होतं.

तरी ताई आल्या. चारेक दिवस खाडा केला आणि आल्या. पोरीला घेतलं नाही, आधी माझ्यासमोर एक पाकीट ठेवलं. "तपासणीचे पैसे. मी देते. तू फक्त घेऊन जा तिला. नाहीतर मी नेते. काही नसलं तर मी माफी मागेन तुझी, तुझ्या त्या ब्लॉगवर सुद्धा मागेन."

मी काय म्हणावं? मी म्हणाले, "प्रश्न पैशांचा नाही ताई, तत्त्वाचा आहे."

तत्त्व म्हणे! तत्त्व कसलं डोंबलाचं. मी चार दिवसांपूर्वी जगाला सांगून बसले होते की कान तपासायची गरज नाही, आणि आत्याला हसा. आता गुपचूप तपासून आणलं असतं तरी कुणाला कळणार होतं? पण मला कळलं असतं. ताई बरोबर असतील ही शंकाच मला सहन होत नव्हती. ब्लॉगवर मी शहाणी होते. दुसरीकडे कुठेच नव्हते ना, म्हणून.

ताईंनी पाकीट उचललं. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. त्यानंतर त्यांचं रोजचं येणं थांबलं. मी मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. मग पोर दिवसभर माझ्या अंगावर पडली आणि मला लिहायला वेळ मिळेना, तर मी त्याचाही राग ताईंवरच काढला.

लेक चालायला लागली. बोलत काहीच नव्हती, पण 'उशिरा बोलणारी मुलं हुशार असतात' असं सांगणारे जगात काही कमी नसतात, आणि मला तेवढंच ऐकायचं होतं. एका सकाळी आम्ही खाली उतरलो होतो. पार्किंगमध्ये कुणाच्या तरी घरसामानाचा ट्रक मागे येत होता, तो मागे येताना वाजतो ना, तसा कर्कश वाजत. मी शेजारणीशी बोलत होते. बघते तर लेक ट्रकच्या मागच्या चाकांच्या रेषेत उकिडवी बसून खडे वेचतेय. मी ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. शेजारीण ओरडली, वॉचमन शिट्टी मारत धावला. इमारतीतल्या खिडक्या उघडल्या. लेकीने एक खडा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि दुसरा शोधायला लागली.

ड्रायव्हरने आरशात बघून आधीच गाडी थांबवली होती. तिला खरचटलंही नाही. मी तिला उचललं, तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली आणि खडा माझ्या तोंडासमोर धरला. मी तिथेच फरशीवर बसले. मला कळलं होतं. खरं म्हणजे झाकण वाजलं तेव्हाच कळलं होतं, फक्त कबूल करायचं नव्हतं.

तपासणीच्या खोलीच्या भिंतींना जाड फोम लावलेला होता. आत मी मांडीवर लेकीला घेऊन बसले, काचेपलीकडे एक बाई बटणं दाबत होत्या. आवाज झाला की जरा वेळाने कोपऱ्यातल्या खेळण्यातल्या माकडात दिवा लागायचा. माझ्या कानांना आवाज ऐकू यायचा, मी वाट बघायचे, लेक आपल्या मोज्याशी खेळत राहायची. माकडात दिवा लागला की मगच वर बघायची. दोन्ही कान. थोडं ऐकू येतं, फार थोडं. ऐकायचं मशीन लावलं तर बरंच येईल, पण बोलायला शिकवायला वेळ लागेल.

डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी शंका नाही आली? घरात कुणाला?"

"नाही," मी म्हणाले.

नवरा शेजारी होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. मी ते 'नाही' इतक्या सहज म्हणाले, की माझ्या टेबलावर असा दावा आला असता तर मी लाल शेरा मारून परत पाठवला असता.

इथवर झालं ती मूर्खपणाची गोष्ट. मूर्खपणा माणसाकडून होतो. पुढचं मात्र मी समजून उमजून केलं. घरी येऊन मी झाकणाचा लेख आणि 'भीतीचा बाजार' ब्लॉगवरून काढून टाकले. आणि आठवड्याभरात नवा लेख लिहिला, 'आईला कळतं'. लिहिलं की बरेच दिवस माझ्या मनात पाल चुकचुकत होती. सगळे म्हणत होते काही नाही, तू उगाच घाबरतेस, पण आईचं काळीज. मी पाठीमागून हाका मारून पाहिल्या, भांडं वाजवून पाहिलं आणि तिला उचलून तपासायला नेलं. भांडं वाजवून पाहिलं! ताईंच्या हातातली पळी काढून मी स्वतःच्या हातात दिली. लोक रडले. घाबरट आत्याला जेवढे लोक हसले होते, त्याच्या दसपट लोक या लेखावर रडले. एकानेही विचारलं नाही की आत्या कुठाय.

ताईंनी वाचला असणारच. त्या दिवशी त्यांचा फोन आला. मला वाटलं, आता माझी बिनपाण्याने होणार. व्हावी असंही वाटत होतं. त्या म्हणाल्या, "मशीन कधी मिळणार गं?"

बस, एवढंच. मशीन मिळालं तशा त्या आल्या. मशीनचे कानात बसणारे साचे कसे धुवायचे, कसे वाळवायचे, सेल कसे बदलायचे, सगळं शिकून घेतलं. पोर मशीन उपटून फेकायची, या पलंगाखालून शोधून आणायच्या. 'मी म्हणाले होते' हे त्यांनी एकदाही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मला भांडता तरी आलं असतं! मी त्यासाठी सुद्धा त्यांच्यावर चिडले. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

बोलायला शिकवणाऱ्या बाई समजावून सांगायच्या, अगदी लहानपणी निदान झालेली मुलं लवकर सावरतात, थोड्या उशिरा आलेल्यांना जास्त कष्ट पडतात, पण होईल. मी मान डोलवायचे. लेक एकेका शब्दासाठी कपाळाला आठ्या घालून माझ्या ओठांकडे बघत बसायची. तिच्या वयाची पोरं खाली गाणी म्हणत असायची. ते मधलं जवळजवळ वर्ष मी तिच्याकडून काढून घेतलं होतं आणि त्याची भरपाई तिला करावी लागत होती.

लेक आता पंधरा वर्षांची आहे. बोलते, आणि वाजवीपेक्षा जास्त बोलते. भांडण तर असं करते की मला माझ्या सासरचे सोडून माझ्या माहेरचे आठवतात. गर्दीत, वर्गात मात्र अजून ओठ बघावे लागतात, आणि दमून घरी येते तेव्हा कुणाशी बोलत नाही. ब्लॉगवर नवं लिहिणं कधीच बंद पडलं, पण 'आईला कळतं' अजून या फोनवरून त्या फोनवर फिरत असतो. लेकीने तो कितीदा वाचलाय. मैत्रिणींना दाखवते. आणि ताई रस्ता ओलांडताना तिचा हात धरायला लागल्या की म्हणते, "आत्या, तू ना एक नंबरची घाबरट. बरं झालं, मी आईच्या पोटी आले. तुझ्या पोटी आले असते तर तू मला घाबरून दवाखान्यातच नेलं नसतंस." ताई हसतात. म्हणतात, "खरंच गं गुब्बू." आणि मी तिथेच चहा ढवळत बसलेली असते.

गेल्या महिन्यात मला एका अनोळखी बाईचा निरोप आला. नवी आई होती. तिने लिहिलं होतं, 'माझ्या जाऊबाई सारख्या म्हणतात की बाळाला ऐकू येत नाही, तपासून आण. त्यांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. मी फार काळजीत होते. तुमचा लेख वाचला आणि धीर आला. आईला कळतंच. मला तर आतून काहीच वाटत नाहीये, म्हणजे बाळ ठीकच असणार ना! खूप आभार.'

मी लगेच लिहिलं, आजच्या आज तपासणीची वेळ घ्या. तिचं उत्तर आलं, 'तुम्हीपण? तुम्हीच तर लिहिलंय की आईने स्वतःचं ऐकावं.' पुन्हा समजावलं. ती म्हणाली, बघू, बाळ जरा मोठं होऊ दे. माझीच भाषा, माझाच तोरा. मी तिला फसवलं होतं आणि ती ते प्रेमाने जपत होती.

मग मी तिला खरं लिहिलं. झाकण, पळी, पाकीट, तत्त्व, सगळं. पाठवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'परवाची वेळ मिळाली आहे.' आणि खाली, 'तुम्ही असं का केलंत?' त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

एक आई मला लिहून कळवते, ज्या कळवत नाहीत त्यांचं काय? लेख नुसता काढून टाकावा असं नवरा म्हणाला. पण काढून टाकण्यात मी तरबेजच होते. या वेळी त्याच जागी खरं लिहायचं ठरवलं. आणि ते लिहायचं तर आधी ताईंना सांगायला हवं होतं, म्हणून त्यांच्याकडे गेले.

ताईंची खोली छोटी आहे, खिडकीत कुंड्या, कुंड्या पडू नयेत म्हणून त्यांना दोऱ्या बांधलेल्या. मी पंधरा वर्षांची माफी एका दमात मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. "त्या बाईला सांगितलंस ते चांगलं केलंस," त्या म्हणाल्या. "पण पोरीला सांगू नकोस. तुझं मन हलकं होईल आणि तिचं जड. तिचा तुझ्यावर किती विश्वास आहे. मी इतकी वर्षं गप्प बसले ती काय तुझ्यासाठी?"

"ताई, पण ती तुम्हाला घाबरट म्हणते."

"मग आहेच मी." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "त्या दिवशी पाकीट घेऊन आले होते ना मी? तू नाही म्हणालीस आणि मी परत फिरले. जिन्यात उभी राहिले बराच वेळ. वाटत होतं, वर जावं, पोरीला उचलावं आणि सरळ चालायला लागावं. काय केलं असतंस तू? पण नाही झाली हिंमत. तुला घाबरले मी. पुन्हा काय लिहिशील, या भीतीने घरी गेले." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मलाही झोप लागत नाही गं कधी कधी."

मी ताईंच्या पायाशी बसून रडले. त्यांच्या वाट्याला मी हसू दिलं एवढंच मला माहीत होतं. हा अपराधही त्यांनी माझ्यामुळे इतकी वर्षं उरावर घेतला होता, हे माझ्या गावीही नव्हतं.

ताईंचं मी ऐकलं नाही. कधी ऐकलंय? पण लेख बदलला की लेक तो वाचणारच, आणि तिला ते माझ्या तोंडून कळायला हवं होतं. सुट्टीची दुपार होती. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी नखं रंगवत बसली होती. मी समोर बसले आणि टेबलाकडे बघत बोलायला सुरुवात केली.

"आई, वर बघ," ती म्हणाली. "खाली बघून बोललीस की मला नीट कळत नाही."

लाज वाटते तेव्हा माणूस मान खाली घालतो. माझ्या लेकीसमोर मला तीही सोय नव्हती. मी मान वर केली. ती माझ्या ओठांकडे बघत होती, लहानपणी शब्द शिकताना बघायची तशीच, कपाळाला आठ्या घालून. एकेक वाक्य मला स्पष्ट, सावकाश आणि पूर्ण उच्चारावं लागलं. मला माहीत होतं. आत्याने सांगितलं होतं. मी हसले. मी नेलं नाही. मग मी खोटं लिहिलं.

नखांचा रंग अर्धाच झाला होता, बाटलीचं झाकण लावायलाही ती विसरली. मग तिने विचारलं, "किती उशीर झाला?"

"जवळजवळ एक वर्ष."

"आत्याला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि मी तिला..." तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला. "आई, मी तिला काय काय म्हटलंय! तुझ्यासमोर म्हटलंय. तू तिथेच बसलेली असायचीस."

मी तिच्या हाताला हात लावायला गेले, तिने हात मागे घेतला. फोन उचलला, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. ती आत्याला फोन लावते तेव्हा नेहमी तोंड दिसेल असाच लावते. ताईंचा आवाज आला, "काय गं गुब्बू? डोळे का लाल? ताप आहे का?"

लेक बराच वेळ नुसती हुंदके देत होती. ताई घाबऱ्याघुबऱ्या विचारत होत्या, पडलीस का, लागलं का, कुणी काही बोललं का. मग लेक म्हणाली, "आत्या, मी तुझ्याकडे येऊ? राहायला?"

"ये की. पण आईला विचारलंस का?"

"नाही. तिला नाही विचारणार."

मी बाहेर उभी होते. दार घट्ट लावलेलं होतं, तरी मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.